वहीतल्या वेळा

सून : ...म्हणजे आता दहा मिनिटांत उठेल, दूध पिईल आणि अकराला परत झोपेल. माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत अकरालाच. आठ दिवस बघतेय आई, पहिला दिवस सोडला तर दोन मिनिटांच्या वर चूक नाही.

सासूबाई : ती वही आज बाजूला ठेव.

सून : का? कारखान्यात भट्टीवर मी हेच तर करायचे. दर दहा मिनिटांनी तापमान बघायचं, पुढचं किती येईल ते लिहायचं, चुकलं की पुढच्या अंदाजात तेवढी दुरुस्ती. एवढी मोठी भट्टी ताळ्यावर यायची, तुमची नात नाही येणार?

सासूबाई : नात नाही आली. मी आले.

सून : म्हणजे?

सासूबाई : पहिल्या दिवशी तुझा अंदाज चुकला, तर बाथरूममध्ये नळ सोडून रडलीस. मला काय ऐकू येत नाही? दुसऱ्या दिवसापासून वहीत बघते आणि वेळ झाली की तिच्या तळपायाला गुदगुल्या करते.

सून : रोज?

सासूबाई : बुधवारी आपणहून उठली. मलाच नवल वाटलं.

सून : आणि झोपायच्या वेळा?

सासूबाई : थोपटते. मांडीला मुंग्या येईपर्यंत.

सून : म्हणजे इतके दिवस मी बाळाचा नाही, तुमचा अंदाज बांधत होते.

सासूबाई : छान बांधलास की. तुझ्या नवऱ्याला तीस वर्षांत नाही जमला.

सून : हसू नका हो. मुलाखतीत तिनं भोकाड पसरलं तर संपलंच सगळं. परत कोण बोलावणार मला?

सासूबाई : अकराला वहीत काय लिहिलंयस?

सून : झोप.

सासूबाई : मग झोपेल. केस विंचर आणि दार लावून बस.

(पाऊण तासानं.)

सून : आवाज नाही आला. झोपली होती ना?

सासूबाई : टक्क जागी. माझा चष्मा चोखत होती. तुझं काय?

सून : त्यांनी विचारलं, अंदाज रोजच बरोबर यायला लागले तर काय कराल? मी म्हटलं, आधी भट्टीपाशी कोण उभं असतं ते बघेन.

सासूबाई : चहाडखोर. मग?

सून : सोमवारपासून या म्हणाले.

सासूबाई : मग सोमवारचं आत्ताच लिहून ठेव. किती वाजता उठवू?

सून : उठवू नका. आपणहून उठली की वेळ तेवढी लिहा. खरी.