खडूचा कडा

माया : अहो, फोन कानाला काय लावताय? व्हिडिओ आहे. हिमानीला नुसता तुमचा कान दिसतोय.

शंकर : मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. सूनबाई, काय म्हणाले बोटवाले?

हिमानी : प्रज्वलचा शोध थांबवला, पप्पा. कडा अजून ढासळतोय म्हणे.

माया : थांबवला म्हणजे? त्यांच्या साहेबाला दे फोन. म्हणावं, अंबरनाथहून प्रज्वलची आई बोलतेय. हिंदी तरी कळत असेल ना मेल्या गोऱ्यांना?

हिमानी : आई...

शंकर : एका मेंढीपायी त्याने कुंपण ओलांडलं, कबूल. पण माणूस उभा राहिला म्हणून डोंगर तुटतो?

हिमानी : हा आपल्याकडचा काळा दगड नाही, पप्पा. अख्खा डोंगर खडूचा. समुद्र खालून खात जातो, वर गवत जसंच्या तसं.

शंकर : इथे टेकडीच्या टोकाला पाय सोडून भेळ खायचा तो. काळ्या दगडाने कधी दगा दिला नाही. त्याला वाटलं असेल, डोंगर म्हणजे डोंगर.

माया : पण तो राखायचा त्या राखीव जागेत मेंढ्या हव्यातच कशाला?

हिमानी : त्यांनी गवत कुरतडलं तरच बारकी फुलझाडं जगतात, आई. त्यांच्यावर निळी फुलपाखरं. त्या फुलपाखरांच्या अळ्यांना मुंग्या सांभाळतात. प्रज्वल येईल त्याला ओणवं करून दाखवायचा.

माया : मुंग्या दुसऱ्याची पोरं सांभाळतात, आणि एवढ्या देशाला माझा एक पोरगा सापडत नाही?

हिमानी : सापडेल. मी इथेच बसलेय. खाली दगडांत काहीतरी निळं दिसतंय. त्याचं जॅकेट निळंच होतं.

शंकर : खालचं तुला कसं दिसतं गं?

हिमानी : वाकलं की दिसतं.

माया : फोन फिरव. तुझे पाय दाखव मला.

(फोनच्या पडद्यावर हिमानीचे बूट, वीतभर गवत आणि लगेच समुद्र.)

शंकर : अगं, कुंपण कुठाय?

हिमानी : मागे राहिलं. आई, तो बदलापूरला नदीत पोहायला शिकला ना? तुम्हीच सांगायचात, किती वेळ पाण्याखाली दम धरायचा, तुम्ही काठावर रडकुंडीला यायचात आणि हा—

माया : सांगायचे. आता माझं ऐक. उभी राहू नकोस. बसल्याबसल्या मागे सरक.

हिमानी : मी उठले तर त्याची वाट कोण बघणार?

शंकर : माया, अगं बोल ना तिच्याशी. माझ्याच्याने नाही होत.

माया : कुणीच नाही, बाळा. आपला प्रज्वल गेला. तू मागे ये.