हात पुसायची खोड

टेबल टेनिसमधला फोरहँड फ्लिक कोचशिवाय येत नाही म्हणणाऱ्यांनी आधी माझं ऐका.

नागापूरला आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये जोशी गुरुजी मला रोज हरवायचे. सर्व्हिस इतकी आखूड टाकायचे की चेंडू जाळीजवळच मरायचा. मी खांद्यातून बॅट हाणायचो, चेंडू भिंतीवर जायचा. गुरुजी सगळ्यांदेखत म्हणायचे, "काय राव, घण मारताय व्हय?" एकदा तरी त्यांचं तोंड बंद करायचं हुतं.

माझी नात चांगलं खेळते. ती म्हणाली, "आजोबा, उजवा पाय टेबलाखाली घाला आणि नुसतं मनगट झटका. लेथवर हाताचं ऑईल झटकायचा ना, तसं."

हे मला कळलं. कारखान्यात चाळीस वर्षं दुसरं केलंय काय? दुसऱ्या दिवशी पहिलाच फ्लिक सणसणीत बसला. पण गुरुजींनी चेंडू परतवला तेव्हा माझी बॅट मांडीवर! ऑईल झटकलं की हात पँटीला पुसायचा, ही जुनी खोड. सगळा गेम असाच गेला.

"आजोबा, हात पुसू नका की!" नात ओरडली.

"मी कुठं पुसतोय? तोच पुसतोय."

तिसऱ्या दिवशी बायकोनं धुऊन इस्त्री केलेली पांढरी पँट घातली. फ्लिक मारला की हात खाली निघायचा आणि पँट दिसताच अर्ध्यात थांबायचा. गुरुजी सरळ हरले.

"कोच कोण लावला?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "घरी हाय. ह्या पँटीला एक डाग लावून बघा, आत्ता इथं येईल."