उद्या चार वाजताचा वर्ग

जमलेल्या सगळ्या मंडळींनो, सुलभाताईंबद्दल बोलायला उभी राहिले खरी, पण अडखळत बोलेन. सांभाळून घ्या. मी संगीता. मंडीदीपला कारखान्यात पॅकिंगमध्ये काम करते. मला भाषण येत नाही. गणितही येत नव्हतं, ते ताईंनी शिकवलं.

सोनागिरीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या याच खोलीत ताई शाळा सुटलेल्या बायकांना दहावीचं गणित शिकवायच्या. गेल्या वर्षी मी पास झाले, तेही काठावर. यंदा अकरा जणी बसल्यात. पेपर बारा दिवसांवर आलाय. आणि ताई सोमवारी गेल्या.

परवा त्यांची मुलगी मुग्धा मला म्हणाली, "मावशी, पेपरपर्यंत वर्ग तुम्ही घ्या." मी हो म्हटलं. तेव्हापासून धास्तीच बसलीय.

मंडळी, मी कोण आहे सांगू? दिवाळीत इथेच फराळाची पाकिटं भरायची होती. चौऱ्याऐंशी चकल्या, साठ करंज्या. पाकिटं सगळी सारखी हवीत, जास्तीत जास्त हवीत, आणि उरायला काही नको. म्हणजे मसावि काढायचा, दोन्हींना भाग देणारी मोठ्यात मोठी संख्या. आपल्या मुलांच्या इथल्या हिंदी शाळेच्या पुस्तकात त्यालाच महत्तम समापवर्तक म्हणतात. नावानंच घाम फुटतो. मी काढला लसावि, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चारशे वीस पाकिटं होतील!

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "संगीता, करंज्याच साठ आहेत. साठाच्या वर पाकिटं होतील कशी? आधी उत्तराकडे बघ, मग बोल." पाकिटं झाली बारा. प्रत्येकात सात चकल्या, पाच करंज्या.

तर ती ही मी. उद्या फळ्यापाशी मी उभी राहणार. माझ्या चुकीनं अकरा जणी नापास झाल्या तर? त्यातली एखादी पुन्हा वहीच उघडणार नाही, मग? भीती वाटते हो. फार भीती वाटते.

काल दुपारी एक्क्याण्णव आणि पासष्टचा मसावि काढायला बसले. दोननं भाग जाईना, तीननं जाईना. डोकं एकदम बंद. ताई सांगायच्या, सुचत नसेल तर मोठ्यातून लहान वजा करत जा, दोन्ही सारखे होईपर्यंत. केलं. एक्क्याण्णवातून पासष्ट गेले, सव्वीस उरले. पासष्टातून सव्वीस गेले, एकोणचाळीस. त्यातून पुन्हा सव्वीस, तेरा. सव्विसातून तेरा, तेराच. तेरा पंचे पासष्ट, तेरा साते एक्क्याण्णव. उत्तर बरोबर होतं. पण बरोबरची खूण करायला कुणी नव्हतं. मी वही मिटून रडले.

अकरा जणींना माझी विनंती आहे. उद्या चारला या. मी चुकले तर तिथल्या तिथे सांगा, भीड धरू नका. मला राग येणार नाही, धीर येईल.

ताई, तुम्हाला नमस्कार. आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. मुग्धा, जरा इकडे ये, माझा हात धर. तुझं दुःख मोठं आहे, कळतं मला. पण मला एकटीला उभं राहवत नाही.