चिठ्ठी मला दिसली होती

वहिनी, आणि मुरुमच्या बाजारपेठेतून दुकानं बंद करून दत्ताभाऊंच्या शोकसभेला आलेल्या सगळ्यांनो,

दुःख आहेच, पण खरं सांगतो, मला भीती वाटतेय.

दत्ताभाऊंच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी आठ वर्षं होतो. सोल्डरिंग त्यांचं, कॉम्प्युटर माझा. बंद पडलेला फोन वायरनं जोडायचा, सॉफ्टवेअरनं दोष शोधायचा, जमलं तर तिथंच दुरुस्त करायचा. पण भाऊंचा एक नियम होता. फोन आला की गिऱ्हाइकाला विचारायचं, यातलं काय जाऊ द्यायचं नाही? ते चिठ्ठीवर लिहून फोनला रबरानं बांधायचं. मला ते जुनाट वाटायचं. भाऊ मला माझ्या पदवीनंच हाक मारून म्हणायचे, "बीएस्सी, आधी चिठ्ठी वाच. मशीनला काय ठावं, कुणाचं काय हाय त्यात?"

शांतामावशी, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलाय. सहा वर्षांनी तुम्ही भाऊंसाठी आलात. म्हणूनच मला भीती वाटतेय.

सहा वर्षांपूर्वी तुमचा फोन आमच्याकडे आला, तेव्हा तो चालू होताना कंपनीच्या नावावरच अडकत होता. चिठ्ठीवर भाऊंनी लिहिलं होतं : गेलेल्या लेकीचा आवाज. पुसू नये. अडलं तर मला विचार.

भाऊ उमरग्याला सामान आणायला गेले होते. आतलं सगळं राखून दुरुस्त करायची पद्धत मी दोनदा चालवली. दोन्ही वेळा अडली. दुसरी पद्धत सगळं पुसणारी. सॉफ्टवेअरनं मला विचारलं, डेटा जाईल, पुढं जायचं? मी थांबू शकत होतो. भाऊ तासाभरात येणार होते. मला वाटलं, ते यायच्या आत फोन चालू करून दाखवावा.

मी 'हो' दाबलं.

फोन चालू झाला. कोरा.

दुकानाच्या कामाच्या डायरीत त्या दिवशी मी लिहिलंय, 'चिठ्ठी दिसली नाही.' ते खोटं आहे. चिठ्ठी मला दिसली होती. मी वाचली होती.

भाऊ आले, त्यांनी स्क्रीन पाहिली. तुम्ही आलात तेव्हा तेच उठून पुढं झाले. "मावशी, माझ्या हातून गेलं." तुम्ही एवढंच म्हणालात, "दत्ता, तुला सांगून ठिवला व्हता न्हवं?" मी कॉम्प्युटरसमोरच बसलो होतो. माऊस माझ्याच हातात होता. मी का बोललो नाही?

त्यानंतर बाजारात बोललं गेलं, दत्ताच्या हाती फोन दिला की गेला. आज इथं बसलेल्यांपैकीही काहीजण बोललात. भाऊंनी ऐकून घेतलं. तुम्ही माझा दोष स्वतःवर का घेतला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू नवा हाईस, तुझ्याकडं कोण येनार न्हाय. सांगायचं तवा तूच सांग. म्या सांगनार न्हाय."

ते वाट बघत होते. रोज समोर बसून. मंगळवारी ते गेले, आणि मी सांगितलेलं नव्हतं.

मावशी, तुमच्या लेकीचा आवाज मी पुसला. दत्ताभाऊंनी नाही. तो मला परत आणता येत नाही. कुठल्याच सॉफ्टवेअरनं येत नाही, मी करून पाहिलंय.

आता आपण दोन मिनिटं भाऊंसाठी उभं राहू. मावशी, तुम्ही उठला नाहीत तरी चालेल. त्यानंतर मी त्या दारापाशी थांबतो. ज्याला जे बोलायचं असेल, त्यानं मला बोलावं. मी मागच्या दारानं जाणार नाही.

भाऊ, रामराम. सांगितलं.