रोमचा तो मित्र

—म्हणून तर मी नवस बोलले होते, गोजरवहिनी, करमाळ्याच्या कमळाभवानीला—आमचे हे आणि तुमचे हिंदुरावभाऊ, सूतगिरणीत दोघांची जोडी राहू दे, आम्ही दोघी मिळून तुझी ओटी भरू. भाऊ अध्यक्ष, हे उपाध्यक्ष—दिलं की देवीनं! आणि काल तुम्ही मला त्या रोमच्या नाटकाला नेलंत. शोकांतिका म्हणे. शी! पुरुष सगळे पलंगपोस गुंडाळून हिंडतायत—सोलापुरात राहून एक धड चादर मिळू नये? गर्दी म्हणजे तीच चार माणसं. आधी पुढाऱ्याचा जयजयकार, मग उपरणं बदलून त्याच्याच नावानं शिमगा. पत्रा बडवला की वीज, वीज पडली की अपशकुन. आणि ती पुढाऱ्याची बायको—नुसती रडते! बाई गं, रडायच्या आधी एखादा उपास तरी धर, देवापुढं पदर पसर. पण नाही.

सगळ्यात भिकार तो मित्र. पुढाऱ्याच्या ताटात जेवतो आणि मारेकऱ्यांना त्याच्याच घराचं दार उघडून देतो. का? तर नगरासाठी! आणि हे सगळं आधी एकटाच उभा राहून मोठ्यानं सांगतो—आपल्याला ऐकू येतं, आतल्या खोलीतल्या त्याच्या बायकोला येत नाही. स्वगत म्हणतात व्हय त्याला? काहीतरीच! घरात असं होतं का कुठं? भाकरी थापताना मला सगळं ऐकू येतं की. परवा हे आरशापुढं हातवारे करत म्हणत होते, ‘हिंदुराव माझा भाऊच, पण गिरणी भावापेक्षा मोठी’—लई गोड बोलत होते, वहिनी, माझ्या तर डोळ्यांत—

काय? नाटकातलं कसं असेल? नाटक आपण काल पाहिलं, हे परवाचं... उद्याच्या सभेचं भाषण असेल. अविश्वास ठराव? मी कुठं म्हटलं? हां, आले होते संचालक, चहा मीच केला. जाताना एकानं ह्यांच्या पाठीवर थाप मारली, ‘चला, अध्यक्षसाहेब.’ मला वाटलं, थट्टा.

उठू नका. भाऊंना सांगणार—सांगा, मी कोण अडवणार? पण आमचे हे तसले नाहीत हो. तो रोमचा मेला निराळा. ह्यांचं मन वळेल उद्यापर्यंत, नक्की वळेल. सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही... कशासाठी ते विचारू नका. तुम्हीही उपास धरा, वहिनी. एवढं माझं ऐका—हातातला पेला खाली ठेवा.