दुसऱ्या दिवशीचं रक्त

तुम्ही विटाळाच्या नावानं बोटं मोडता ना? मला त्यानं एकदा चांगलीच साथ दिलीय!

घरोघरी नुकते मोबाइल आले होते तेव्हाची, आमच्या अंजूरच्या घरातली गोष्ट. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. मूल व्हावं म्हणून सासूबाई मला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून आणायच्या आणि घरी आल्यावर नवऱ्याला विचारायच्या, "दुसरी बघू का रं?"

शेवटी भिवंडीच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोन्सची रक्ततपासणी लिहून दिली आणि बजावलं, "पाळीच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशीच रक्त द्यायचं."

पण आमच्याकडे चार दिवस बाजूला बसायचं, कुणाला शिवायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "पाचव्या दिशी न्हाऊन जा." दोन महिने असेच फुकट गेले.

पुढच्या वेळी मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पर्स उचलली. सासूबाई नुकत्याच देवपूजा आटपून दोन्ही हात पसरून दारात उभ्या. "कशी जातेस ती बघतेच मी!"

मी म्हटलं, "अडवायचंय ना? मग धरा मला." आणि सरळ त्यांच्या अंगावर चालत गेले.

"शिवशील! शिवशील गो!" करत सासूबाई अशा उडाल्या, की थेट तुळशीपाशी!

तपासणीत दोष सापडला, गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुसऱ्या दिवशीचं रक्त मागितलं. त्या सकाळी मी पर्स उचलायच्या आत सासूबाईंनी दार सताड उघडलं आणि लांबूनच म्हणाल्या, "जा गो बाय, रिक्षा उभी हाय."