पाठीवरची अक्षरं

चुडावा स्टेशनात मनकर्णा तान्ह्याला थोपटत बसली होती. शेजारच्या बाकावर धनगराची म्हाळसाबाई, तिची लेक बानू आणि गावातली चतुराबाई बोलत होत्या.

"म्हाळसे, पोरीला शाळंतून काढायलीस म्हणं?"

"मास्तर म्हन्ले, परीक्षेपर्यंत वाचता न्हाई आलं तर धाडा मेंढरामागं. मंग म्या मेंढरंच शिकवायला लावली!"

"ती कशी?"

"पुस्तकात बघून एकेकीच्या पाठीवर गेरूनं अक्षर काढलं. सांजंला बानूनं अक्षर वाचल्याबिगर एकबी मेंढी रातच्याला कोंडायच्या जाळीत घ्यायची न्हाई."

"आन् आलं का वाचाया?"

"बानू, त्या पाटीवर काय हाय गं?"

"चुडावा! आये, आता तू वाच."

"मी? थांब... चु... डा... वा!"

"आलं की, आये! ये आता जाळीत!"

मनकर्णाचा हात थोपटता थोपटता थांबला; ती पाटीवरचं एकेक अक्षर निरखू लागली.